वाढवून मिळालेली दोन वर्षं

दौंड, रेल्वे कॉलनी
२४ मे १९९८

दादा,

धनश्री पत्र वाचायला बसली असेल. पोरी, सावकाश वाच आणि तुझ्या सासऱ्यांच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. धुरपदावहिनींनाही बोलावून घे, म्हणजे पुन्हा वाचावं लागणार नाही.

दादा, सरकारनं नोकरीतून सुटायचं वय अठ्ठावन्नाचं साठ केलं आहे. मी येत्या जूनअखेर रिटायर होणार होतो, ते आता दोन वर्षं पुढं गेलं. बातमी आली त्या दिवशी आमच्या गार्ड लोकांच्या खोलीत पेढे वाटले. कोकाटे म्हणून आमच्यातला एक जण मेअखेरीस सुटणार होता. क्वार्टर सोडायचं म्हणून त्यानं कोंबड्यासुद्धा विकून टाकल्या होत्या. तो तर डोळे पुसत होता. मलाही कोणीतरी पेढा भरवला. मी खाल्ला.

आपली बोली मी विसरलेलो नाही. आबा गेले तेव्हा शाळेचं तोंडही न बघता तुम्ही मेंढरांमागं गेलात आणि मला शाळेत बसवलंत. मी रेल्वेत लागलो त्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात, ‘तू गाडीवर फिर, मी मेंढरांमागं फिरतो. तू थांबलास का मीबी थांबणार.’ पेन्शन दोन्ही चुलींना पुरवायची, फंडातून माळाच्या तुकड्यात बोअर घ्यायचं आणि दोघांनी घरी बसायचं, असं ठरलं होतं.

आमचा बिरू गेल्या महिन्यात गावी येऊन गेला. आल्यावर म्हणाला, चुलत्यांचे गुडघे फार सुजलेत, उठताना सगळा भार काठीवर देतात. यवतच्या बाजारातल्या भिमा व्यापाऱ्याशी तुम्ही सगळ्या मेंढरांचा सौदाही तोंडी ठरवलाय म्हणे. जूनमध्ये संपत येतोय, तेव्हाच मेंढरं घेऊन जा, असं त्याला सांगितलंत.

दादा, तेवढा सौदा थांबवा.

दिवस बरे नाहीत. बिरूच्या पिंपरीच्या कंपनीत आठवड्यात तीनच दिवस काम आहे. कंपनी राहते की जाते, त्यालाच ठाऊक नाही. बँकांचं व्याज उतरणार असं सगळे म्हणतात. आत्ता सुटलो तर जी पेन्शन बसेल तीच जन्मभर. दोन वर्षांनी सुटलो तर जास्त बसेल, आणि ती आपल्या दोघांचीच आहे. शिवाय तीन महिन्यांची नोटीस दिली की मधेही सुटता येतं. मी वर्षभर बघतो. तेवढं एक वर्ष कळ काढा.

आमची तानुबाई म्हणते, ‘असलं कागदावर सांगत्यात व्हय? जाऊन तोंडावर सांगा.’ पण उद्या मनमाडची गाडी आहे, परवा सोलापूरची. न्हावऱ्याच्या एसटीनं यायला-जायला सबंध दिवस लागतो. तो मिळाला की येतो.

तुमचा
संपत


दौंड
१५ नोव्हेंबर १९९८

दादा,

पत्र घरच्या पत्त्यावर टाकतोय. तुम्ही मेंढरं घेऊन भीमा नदीच्या अंगाला उतरलाय हे ठाऊक आहे. धनश्री, कोणी तिकडं येणारं असेल तर त्याच्याकडून निरोप पोचव.

काल मी मालगाडी घेऊन पुण्याकडं चाललो होतो. केडगावच्या पुढं सिग्नल मिळाला नाही म्हणून गाडी उभी राहिली. मी शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनच्या कठड्याला टेकून होतो. पलीकडं बाजरी काढलेल्या रानात मेंढरं बसलेली दिसली. आधी घोडं ओळखलं, मग वहिनी. तुम्ही खाली बसला होतात. उठायला लागलात. काठी रोवली, एक गुडघा टेकला, तसेच थांबलात, आणि मग वहिनींनी खांदा दिला. मी हाक मारली. इतक्या लांबून ऐकू गेली असेल असं नाही, पण तुम्ही गाडीकडं बघितलंत. मी हातातली हिरवी झेंडी हलवली. दरवर्षी हलवतो आणि दरवर्षी तुम्ही हात वर करता. काल केला नाहीत. सिग्नल पडला, गाडी निघाली.

दरवर्षी दिवाळी झाली की तुमचा तळ दौंडच्या शिवारात पडतो आणि एक दिवस तुम्ही दोघं क्वार्टरवर जेवायला येता. यंदाही तानुबाईनं चार दिवस वाट बघितली. मग बनवलेले लाडू तिनं शेजारच्या घरी दिले.

मी नोटीस देणार होतो. दसऱ्याला द्यायची असं मनाशी धरलंही होतं. तोवर बिरूच्या कंपनीनं गेटच बंद केलं. तो बायको-पोरांसह आमच्याकडं आहे. कांदा चाळीस रुपये किलो झाला होता ते तुम्ही ऐकलंच असेल. चाकरमान्यांनीच डोक्याला हात लावले, तिथं पेन्शनवाल्यांचं काय होणार. अशात महिन्याचा पगार बंद करवत नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत बिरूचं काहीतरी होईल. तोवर धीर धरा.

एक आणखी. पुढच्या महिन्यापासून मला पॅसेंजर गाडीवर घेतायत. इतकी वर्षं मालगाडीच्या डब्यात एकटा धूळ खात बसलो. आता पांढरा पोशाख शिवायला टाकलाय. हे काही कारण नाही, आपलं कळवलं.

गुडघ्यांना एरंडाची पानं गरम करून बांधत जा.

संपत


दौंड
६ फेब्रुवारी २०००

दादा,

तुम्हाला ठाऊक असलेलंच लिहितोय, कारण त्या दिवशी रस्त्याच्या कडेला मला नीट बोलता आलं नाही.

मी सकाळच्या पॅसेंजरवर होतो. यवतला गाडी थांबली तेव्हा पानाच्या टपरीवाला पळत आला. त्याला वहिनींनी पाठवलं होतं. म्हणाला, ‘गार्डसाहेब, तुमच्या भावाची मेंढरं हायवेवर ट्रकखाली आली. भाऊ बरं हायेत. पर तुम्ही चला.’ दादा, गाडीत माणसं होती. ड्रायव्हर मागं वळून माझ्याकडं बघत होता. मी झेंडी दाखवली आणि गाडीत चढलो. पुण्याहून दुसरी गाडी आणायची होती ती आणली. संध्याकाळी मोकळा झालो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यवतला उतरलो.

तोवर सगळं उरकलं होतं. मेलेली मेंढरं उचलून नेली होती. डांबरावर माती टाकली होती. तुम्ही बाभळीखाली घोंगडीवर बसला होतात. कसं झालं ते मला वहिनींनी सांगितलं. धुकं होतं. तुम्ही निम्मी मेंढरं घेऊन रस्ता ओलांडून पलीकडं गेलात. मागची निम्मी वहिनींकडं होती. पलीकडं गेलेल्यांनी मागं वळून बघितलं आणि ती परत फिरली. अशा वेळी पळत पुढं जाऊन त्यांना आडवं व्हावं लागतं. तुम्ही आयुष्यभर ते करत आलात. त्या दिवशी तुमचे पाय उचलले नाहीत.

वहिनी मला म्हणाल्या, ‘भाऊजी, काल तुम्ही हितनंच गेला म्हणं.’

मी म्हणालो, ‘वहिनी, गाडी टाकून येता येत नाही.’

त्या म्हणाल्या, ‘मेंढरं टाकून तरी कुठं येता येतं.’

एवढंच बोलल्या, तेही शांतपणे. पुढं मला चहा दिला.

भिमा व्यापारी तिथंच उभा होता. अठ्ठ्याण्णव साली ज्याला थांबवलं होतं तोच. राहिलेली मेंढरं त्यानं पडत्या भावानं घेतली. तुम्ही घासाघीस केली नाहीत. त्याची माणसं मेंढरं हाकायला लागली तेव्हा तुम्ही तिकडं पाठ केलीत. मी म्हणालो, ‘दादा, मी आजच नोटीस देतो.’ तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंत.

‘आता कशापायी? आता सुटून राखणार काय हायस तू? कर तुझी नोकरी. हायेत किती, चारपाच महिनं.’

आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जूनअखेर मी येतो. फंड हातात येईल. मेंढरं नाहीत तर नाहीत. तुम्हाला फिरायचं नाही, हे तर झालं. आता घरीच बसा. बाकी मी बघतो.

संपत


गावाकडून
१९ जुलै २०००

दादा,

हे पत्र शिक्रापूरला, तुमच्या खोलीच्या पत्त्यावर. तुमच्या खोलीतले ते रामसजीवन उत्तर प्रदेशचे. त्यांना आपली अक्षरं वाचता येतात, पण मराठी कळत नाही. ते नुसतं वाचतील आणि तुम्ही ऐकाल. घरी पाठवलेल्या पत्रांत धनश्री वाचणार, वहिनी ऐकणार, म्हणून काही काही मी गाळत होतो. या वेळी गाळत नाही.

तीस जूनला मला निरोप दिला. शाल दिली, नारळ दिला, जीपमध्ये बसवून कॉलनीतून मिरवलं. तुम्ही याल म्हणून मी फाटकाकडं बघत होतो. येणार नाही हेही कळत होतं. मग टेम्पोत सामान घालून तानुबाईला घेऊन गावी आलो. वहिनींनी दार उघडलं. मी विचारलं, ‘दादा कुठायत?’

‘ते घरी कुठं हायेत? शिक्रापूरला वॉचमन हायेत, एका गोडाऊनच्या गेटला. एप्रिलपासनं. आठवड्याला येत्यात. तुमाला न्हाई सांगू म्हणलं व्हतं.’

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं शिक्रापूरला आलो. ट्रकांच्या रांगेतून वाट काढत गेट शोधलं. तुम्ही निळा शर्ट घालून उभे होतात, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. जन्मभर धोतर-मुंडाशातले माझे दादा पँटमध्ये होते, आणि ती घोट्यावर दुमडलेली होती. एका गाडीला तुम्ही सलाम केलात. काच वर होती. आतल्या माणसानं बघितलंही नाही.

मग तुम्ही मला बघितलंत. स्टूल पुढं केलंत. मी बसलो नाही.

मी म्हणालो, ‘दादा, हे काय? घरी चला. माझी पेन्शन सुरू होतेय. दोघांना पुरेल.’

तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘संपत, तुझी तुला पुरंल का न्हाई, हे तुला दोन वर्सं कळत नव्हतं. दोघांना पुरंल, हे आज कसं कळलं?’

खरं ते आज लिहितो. बिरूचं काम, कांद्याचा भाव, व्याजाचा दर, ही सगळी भीती खरी होती. पण ती एकट्या मलाच नव्हती. मी घाबरलो की मला पगार मिळत होता. तुम्ही घाबरलात तर मेंढरांमागं चालायचं होतं. आणि कोणी ‘गार्डसाहेब’ म्हणतं ते मला सोडवत नव्हतं. गावी आल्यावर मी कोण, हे मला कळत नव्हतं. पुरेसं कधी होणार असं कोणी विचारलं असतं तर मला आकडा सांगता आला नसता. दर वेळी तो थोडा पुढं सरकत होता.

निघताना तुम्ही म्हणालात, ‘ठेकेदाराला वय पंचावन्न सांगितलंय. कुणाला बोलू नगस.’ साठीला मला सरकारनं मिरवत घरी पाठवलं. आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठे तुम्ही, नोकरी टिकावी म्हणून वय लपवता.

बोअर घ्यायला माणूस बोलावलाय. पाणी लागलं तर तुमच्या नावानं चिंचेचं रोप लावतो. दरमहा वहिनींच्या हातात काही ठेवायला गेलो तर त्या घेत नाहीत. तुम्ही एकदा सांगा त्यांना.

संपत


गावाकडून
१२ ऑक्टोबर २००३

दादा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. गुरुवारी येईन तेव्हा मीच वाचून दाखवीन. समोर बसलं की माझं बोलणं भलतीकडं जातं, म्हणून लिहून आणतोय.

ऑगस्टात तुमचं अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले महिनाभर उठायचं नाही. तुम्हाला पोटापेक्षा गेटची काळजी होती. ठेकेदार म्हणाला होता, जागा मोकळी राहिली तर दुसरा माणूस येईल. मी म्हणालो, बदली म्हणून मी उभा राहतो. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. माझं रेल्वेतलं काम ऐकून ठेकेदार हसला आणि मला तुमचीच टोपी दिली.

मी महिनाभर तुमच्या खोलीत राहिलो, रामसजीवनच्या हातची डाळ खाल्ली. तुम्ही उन्हात कसे उभे राहत होता ते तिथं उभं राहून कळलं. ड्रायव्हर लोक येता-जाता विचारायचे, ‘चाचा कहाँ गए? कब आएँगे?’ एकानं तुमच्यासाठी नगरहून पेरू आणले होते. इतकी माणसं तुम्हाला विचारतील असं मला वाटलं नव्हतं. मी तुम्हाला तिथं नुसता सलाम करतानाच बघितलं होतं.

माझ्या मनात होतं की तुम्ही आता घरीच राहाल. मी तसं सगळं योजलंही होतं. गेट मी चालवायचं, पगार वहिनींना द्यायचा, आणि तुम्ही माळावर सावलीला बसायचं. बोअरला पाणी आहे, लसणाचे वाफे आहेत, तानुबाई आणि वहिनी दोघी दुपारी बोलत बसतात. आपण ठरवलं होतं तसंच सगळं. फक्त तुमच्या जागी गेटवर मी. मला त्यात बरं वाटत होतं.

आणि त्या सोमवारी तुम्ही एसटीतून उतरलात. स्वच्छ दाढी केलेली, कपड्यांना इस्त्री. धनश्रीच्या नवऱ्यानं आणून सोडतो म्हटलं तरी ऐकलं नाहीत. माझ्यासमोर उभे राहिलात आणि हात पुढं केलात.

‘टोपी दे.’

मी म्हणालो, ‘दादा, आता पुरे. घरी बसा. आता खरंच कशाची गरज नाही.’

तुम्ही केबिनमध्ये आलात, स्टुलावर बसलात, मलाही बसवलंत. मग सावकाश बोललात. तुमचा शब्दन् शब्द माझ्या लक्षात आहे.

‘ह्या महिन्यात बसून बघितलं मी. सकाळी उठलो, च्या प्यालो, आन् दीस संपंना. धुरपदा म्हणती, जरा आडवं व्हा. आडवा झालो का मेंढरं दिसत्यात. संपत, तवा बसलो असतो मी. पाय दुखत व्हते, पर मन बसाय तयार झालं व्हतं. समद्यांना सांगून टाकलं व्हतं, जूनपासनं हरिबा घरी. काठी कुठं टांगायची ती खुंटीबी बघून ठिवली व्हती. ती येळ गेली. आता पाय दुखायचे तेवढेच दुखत्यात, पर बसाय भ्या वाटतं.’

मला वाटत होतं, पैसे पुरले की माणूस कधीही थांबू शकतो. थांबायचं आपल्या हातात असतं, थोडं पुढं-मागं झालं तर काय बिघडतं. मी हिशेब फक्त पुरण्याचा केला. मन तयार होतं ती वेळ दोन वर्षं खुंटीला टांगून ठेवता येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुमची ती वेळ माझ्या हातून गेली. मेंढरं गेली त्याहून मला हे जास्त लागतं. त्या सोमवारी मी हे बोललो नाही. टोपी काढून दिली.

मग तुम्ही मला चहा पाजलात. तुमच्या गेटवर, तुमच्या पैशानं. एक ट्रक आला, तुम्ही उठलात. काठीशिवाय, हातानं टेबल धरून. ड्रायव्हर खाली उतरून तुमच्या पाया पडला. तुम्ही त्याला हिंदीत काहीतरी बोललात आणि दोघं हसलात. तुम्हाला हसताना मी किती वर्षांनी बघितलं, ते आठवत बसलो.

संध्याकाळच्या एसटीनं मी एकटाच परत आलो. वहिनींनी दारातूनच बघितलं. ताट वाढलं.

आता मी घरी आहे. वाफ्यांना पाणी देतो, पेपर वाचतो. बँकेचं व्याज खरंच उतरलं. तरी भागतंय. भागणारच होतं. दुपार फार लांबलचक वाटते. तुम्ही सोबत असाल असं धरून मी हे दिवस मनात मांडले होते. एकट्यानं कसे काढायचे ते मला येत नाही.

असं होणार हे ठाऊक होतं, म्हणून त्या दिवशी निघताना मी विचारलं होतं, ‘दादा, मी अधूनमधून डबा घेऊन आलो तर चालेल? केबिनमध्ये नुसता बसेन.’

तुम्ही टोपी नीट केलीत. मग म्हणालात, ‘ये की. पर रोज येऊ नगस. सायबाला वाटंल, म्हातारा थकला.’

म्हणून गुरुवारीच येतो.

संपत